ॲलन रेनच्या किनाऱ्यावर

गुरुवार

ॲलन रेन हे नाव आज वेल्समध्येसुद्धा समजावून सांगावं लागतं. शतकापूर्वी तसं नव्हतं. पश्चिम वेल्सच्या एका छोट्या किनारपट्टीवरच्या माणसांच्या प्रेमकथा तिने लिहिल्या आणि त्या ब्रिटनभर वाचल्या गेल्या. वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या असं सांगतात. तीन कादंबऱ्यांवर मूकपट निघाले. तिचं खरं नाव ॲन ॲडलाइझा पडिकोम, माहेरची एव्हन्स. पहिली कादंबरी पुस्तकरूपाने आली तेव्हा तिच्या वयाला साठ वर्षं पूर्ण झाली होती.

हे वय ऐकून माझी आत्या हरखली. आत्या दौंडची. वाचनालयात आयुष्यभर नोकरी केलेली, लोक काय वाचतात हे जवळून पाहिलेली. "प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांची पुस्तकं सगळ्यांत आधी फाटतात गं, इतकी वाचली जातात," ती म्हणाली, "आणि त्यांच्याबद्दल लिहायला मात्र कुणी बसत नाही." यंदा उन्हाळ्यात ती माझ्याकडे ब्रिस्टलला आली, आणि आम्ही दोघींनी ठरवलं की या बाईंचं गाव, घर, किनारा आणि कबर सगळं पाहून यायचं.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेव्हर्नवरचा पूल ओलांडला की रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. कार्डिफ, पोर्ट टॅलबॉट, स्वान्झी मागे टाकत मोटरवेने कारमार्थनच्या दिशेने जायचं आणि तिथून उत्तरेला वळायचं. पुढचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं, मध्येच एखादं फाटक आणि त्यातून दिसणारी मेंढरं. संध्याकाळी न्यूकासल एमलिनला पोचलो. पाऊस नुकताच थांबला होता.

शुक्रवार

न्यूकासल एमलिन हे टायवी नदीच्या काठचं बाजाराचं गाव. ॲनचा जन्म इथला, ६ ऑक्टोबर १८३६ चा. वडील बेंजामिन एव्हन्स गावात वकिली करत, आईचे वडील इथलेच शल्यवैद्य. सकाळी नदीच्या बाजूने चालत किल्ल्याकडे गेलो. टायवी इथे असा वळसा घेते की किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणीच. किल्ल्याचं आता फारसं उरलेलं नाही: दरवाजाचे अर्धवट बुरूज, थोड्या भिंती, गवत. पण त्या अवशेषांना मोठा इतिहास आहे. १४०३ मध्ये ओवाइन ग्लिन्दूरच्या बंडात हा किल्ला त्याच्या हाती पडला होता. इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध उठलेला हा वेल्श सरदार आजही तिथल्या लोकांच्या मनात राजासारखाच आहे. पुढे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धानंतर किल्ला मुद्दाम पाडून टाकला गेला.

हे मी आत्याला तिथेच उभी राहून सांगितलं, कारण ॲलन रेनने १९०५ मध्ये ग्लिन्दूरच्या काळावर एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहिली: 'हार्ट्स ऑफ वेल्स'. बाकीच्या तिच्या कादंबऱ्या बहुतेक तिच्याच शतकातल्या. एकदाच ती पाचशे वर्षं मागे गेली, आणि गेली ती या काळात. जिच्या लहानपणच्या गावात हे बुरूज होते तिला ग्लिन्दूर पुस्तकातून शोधावा लागला नसेल, असं मला तिथे फार वाटलं.

तिचं घराणंही समजून घेण्याजोगं आहे. वडिलांकडून ती कास्तेलहाउएलच्या डेव्हिड डेव्हिस यांची पणती. डेव्हिस म्हणजे नामांकित शिक्षक, कवी आणि स्वतंत्र बुद्धीचे धर्मोपदेशक. आईकडून ती डॅनियल रोलंड यांची पणती. हे रोलंड अठराव्या शतकातल्या वेल्श मेथडिस्ट जागृतीचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या भक्तीच्या मोठ्या लाटेचे, पुढारी. त्यांचं प्रवचन ऐकायला लांगाइथो या लहानशा गावात हजारो माणसं चालत येत, ऐकताना रडत, उड्या मारत. एका बाजूला तर्क, दुसऱ्या बाजूला भक्तीचा पूर. दोन्ही रक्तं या बाईत होती आणि तिच्या सगळ्यांत चांगल्या कादंबरीत दोन्ही भेटतात. त्याबद्दल रविवारच्या टिपणात लिहिते.

पूल ओलांडला की पलीकडचा भाग अडपार. पुलाच्या एका टोकाला एक परगणा, दुसऱ्या टोकाला दुसरा. अडपारमध्ये १७१८ साली आयझॅक कार्टर नावाच्या माणसाने छापखाना काढला. वेल्सच्या भूमीवरचा हा पहिला कायदेशीर, कायमचा छापखाना मानतात. आत्या तिथे बराच वेळ थांबली. आयुष्य पुस्तकांत गेलेल्या माणसाला छापखान्याची जागा म्हणजे तीर्थच. ॲन एव्हन्स या जागेपासून हाकेच्या अंतरावर वाढली, आणि तरुणपणी मित्रमैत्रिणींबरोबर तिने एक छोटंसं नियतकालिकही चालवलं.

शिक्षणासाठी मात्र तिला लवकर घर सोडावं लागलं. आधी कारमार्थन, मग इंग्लंडात चेल्टनम, हेन्री सॉली यांच्या कुटुंबात. सॉली हे पुढे कामगारांच्या क्लबांची चळवळ उभी करणारे धर्मोपदेशक. त्यांच्या घरी लिहिणारी-वाचणारी माणसं येत-जात. त्यानंतर ती लंडनच्या दक्षिणेला शिकली. १८५६ च्या सुमारास विशीची होऊन ती वेल्सला परतली. इंग्रजी अस्खलित, फ्रेंच-इटालियन येणारी, संगीताची जाण असलेली मुलगी पुन्हा या टायवीकाठी आली आणि पुढची सोळा वर्षं इथेच राहिली. चरित्रकारांच्या दृष्टीने या वर्षांत काही घडत नाही. मला ती फार महत्त्वाची वाटतात. शेतावरची माणसं, गडी, मोलकरणी, मेंढपाळ पोरं कशी बोलतात, कशावर भांडतात, मेल्यावर कसं रडतात हे सगळं तिने याच वर्षांत कानात साठवलं असणार. चाळीस वर्षांनी ते बाहेर आलं.

दुपारी केनार्थला गेलो, दहा मिनिटांवर. टायवी इथे खडकांवरून उसळत खाली येते. सामन मासे पाण्याविरुद्ध उड्या मारत वर चढतात. ११८८ मध्ये इथून गेलेल्या जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्रीने ते लिहून ठेवलंय. धबधब्याजवळ कोरकलचं संग्रहालय आहे. कोरकल म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेली एका माणसाची होडी, पूर्वी कातड्याची असे. माणूस ती पाठीवर घेऊन नदीपर्यंत चालत जातो. आपल्याकडच्या तुंगभद्रेवरची हरिगोलं आत्याने पाहिली होती, तिला ती लगेच आठवली.

शनिवार

आज ट्रेसाइथ. ज्यासाठी आलो ते गाव.

डोंगराच्या फटीतून रस्ता एकदम खाली उतरतो आणि समोर कार्डिगनचा उपसागर उघडतो. छोटा किनारा, दोन्ही बाजूंना काळे कडे, मागे चढणीवर घरं. उजव्या हाताला वाळूवर चालत गेलं की साइथ ही नदी थेट कड्यावरून समुद्रकिनाऱ्यावर पडते. धबधबा थेट समुद्राच्या वाळूत कोसळताना मी तरी याआधी पाहिला नव्हता. दंतकथा अशी की एका आयरिश राजाने आपल्या सात मुलींना होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं, त्या इथे लागल्या आणि इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांशी त्यांनी लग्नं केली. प्रेमकथांच्या लेखिकेने राहायला निवडलेल्या गावाला इतकी शोभणारी कथा दुसरी कुठली असेल?

पण ॲनचं इथलं आयुष्य मात्र कथेसारखं नव्हतं.

तिने १८७२ साली, पस्तिसाव्या वर्षी, बेनन पडिकोमशी लग्न केलं. तो लंडनच्या स्मिथ पेन बँकेत परदेशी पत्रव्यवहार पाहत असे. आधी क्रॉयडनजवळ ॲडिस्कम, मग उत्तरेला विंचमोर हिल, असा संसार लंडनच्या कडेकडेने झाला. ॲडिस्कमच्या वर्षांत ती सतत आजारी असे. मूल नाही. नवरा बँकेत, ही घरात पडून. उन्हाळ्यात दोघं ट्रेसाइथला येत. इथे त्यांनी ब्रॉनमोर नावाचं घर घेतलं होतं.

लिहिणं सुरू झालं ते स्पर्धेतून. वेल्समध्ये आइस्टेथवोड म्हणून कविता, गायन आणि साहित्याचा वार्षिक उत्सव भरतो, तिथे बक्षीस मिळणं हा मोठा मान. १८९४ मध्ये काइर्नारवनला भरलेल्या राष्ट्रीय आइस्टेथवोडमध्ये वेल्श जीवनावरच्या क्रमशः कथेसाठी बक्षीस होतं. तिच्या 'इनिसोएर'ला ते विभागून मिळालं आणि ती उत्तर वेल्सच्या एका वृत्तपत्रात हप्त्याहप्त्याने छापली गेली. तेव्हा ती सत्तावन्नची होती.

मग तिने 'मिफान्वी' नावाची कादंबरी लिहिली. एकामागून एक प्रकाशकांनी ती परत केली. वेल्सबद्दल कोण वाचणार, असा त्या वेळचा सूर होता. स्कॉटलंडच्या खेड्यांवरच्या कथा तेव्हा धडाक्याने खपत होत्या, आयर्लंडच्याही. वेल्सला मात्र कुणी विचारत नव्हतं. शेवटी हचिन्सन या प्रकाशकाने ती घेतली, आणि १८९७ मध्ये 'अ वेल्श सिंगर' या नावाने ती आली. लेखक म्हणून नाव छापलं ॲलन रेन. हे नाव तिला स्वप्नात दिसलं, असं ती सांगत असे. पुरुषाचं वाटावं असं नाव. बँकेतल्या माणसाच्या साठीच्या बायकोने लिहिलंय, हे वाचकांना कळायचं कारण नव्हतं.

कादंबरी तुफान खपली. मेंढरं राखणारी एक पोर, तिच्याच बरोबरीने वाढलेला मेंढपाळ पोरगा. तो लंडनला जाऊन शिल्पकार होतो, ती सर्कशीतून पुढे जात मोठी गायिका होते, आणि दोघं एकमेकांना पुन्हा शोधतात. गोष्ट म्हणून अशक्य आहे, हे मीही मान्य करते. पण मेंढरं राखणाऱ्या पोरीच्या तोंडची भाषा, तिची भूक, तिचा अभिमान, हे अशक्य नाही. तिथे लेखिकेचा हात जराही डळमळत नाही.

त्यानंतर ती जवळजवळ दरवर्षी एक कादंबरी देत गेली. 'टॉर्न सेल्स' १८९८ ची. जहाजांची शिडं शिवणाऱ्या कारखान्याचा मालक, त्याच्याशी लग्न करणारी आणि मनात दुसऱ्यालाच ठेवलेली मुलगी. 'बाय बेर्वेन बँक्स' १८९९ ची. त्यात इंग्लिश चर्चच्या पाद्रीचा मुलगा आणि मेथडिस्ट धर्मोपदेशकाची पुतणी गुपचूप लग्न करतात, तो ऑस्ट्रेलियाला जातो, तिथे त्याची स्मृती हरवते, आणि इकडे तिला आपलं लग्न झालंय हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडच्या वाचकाला यातलं काही परकं वाटू नये. घराण्यांचं वैर, पंथाचा अभिमान, गावाच्या नजरा. फक्त देवळाऐवजी चॅपल.

किनाऱ्यावरच्या खानावळीबाहेर चहा पीत आम्ही हेच बोलत होतो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातवाशी वेल्शमध्ये बोलत होते. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर त्यांनी नातवाला समुद्राकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि मग आम्हाला इंग्रजीत म्हणाले, त्यांच्या आजीच्या कपाटात ॲलन रेनची पुस्तकं होती, बायबलाच्या खालच्या फळीवर. ऐकून आत्याचे डोळे भरून आले.

त्या गृहस्थांनीच सांगितलं की या किनाऱ्याची जुनी घरं बरीचशी जहाजांवरच्या कप्तानांची. शेतं लहान, माती आंबट, म्हणून मुलगे समुद्रावर जात. दक्षिणेकडून गलबतं चुनखडी आणि कोळशाची भुकटी घेऊन येत, ओहोटीला वाळूवर टेकत, आणि लोक गाड्या लावून माल उतरवून घेत. किनाऱ्यालगतच्या भट्ट्यांत चुना भाजून शेतात टाकत. हेरिंग माशांचा मोसम वेगळाच. ॲलन रेनच्या कादंबऱ्यांत प्रेमाच्या मागे हे सगळं काम सतत चालू असतं: कुणी जाळं सुकवतंय, कुणी शिडं शिवतंय, कुणी ताक घुसळतंय. प्रेमात पडलेल्या माणसालाही पहाटे उठून गाई सोडाव्याच लागतात. तिला 'गोडगोड' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी ही पानं नीट वाचली नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

ब्रॉनमोर आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. लोकांच्या राहत्या घराकडे टक लावून पाहणं बरं नव्हे, म्हणून थोडंसंच थांबलो. पण उन्हाळ्यासाठी घेतलेलं हे घर पुढे तिचं कायमचं घर झालं, आणि ते आनंदाने नव्हे. फेब्रुवारी १९०० मध्ये बेननचं मन बिघडलं. त्याने बँक सोडली आणि दोघं इथे येऊन राहिली. तो १९०६ पर्यंत जगला. त्या सहा वर्षांत, मनाचा तोल गेलेल्या नवऱ्याची सोबत करत, याच घरात तिने 'अ वेल्श विच', 'ऑन द विंग्ज ऑफ द विंड', 'हार्ट्स ऑफ वेल्स' आणि 'क्वीन ऑफ द रशेस' लिहिल्या. आत्या म्हणाली, "घरात असा माणूस असला की रात्री झोप नसते गं. लिहीत कधी असेल ती?" आमच्या घरातही असं आजारपण होऊन गेलंय. मी काही बोलले नाही.

रविवार

ओहोटी असली की ट्रेसाइथहून वाळूवरून चालत पेनब्रिनला जाता येतं. आत्याला ते जमण्यासारखं नव्हतं म्हणून गाडीने गेलो. पेनब्रिनचं सेंट मायकेल चर्च चढावर, शेतांच्या मध्ये, गावापासून वेगळं उभं आहे. जुनं, बुटकं, जाड भिंतींचं. ॲन आणि बेननचं लग्न इथेच झालं आणि दोघांची कबरही इथेच. ती २१ जून १९०८ ला कर्करोगाने गेली, नवऱ्यानंतर दोनच वर्षांनी. शेवटच्या दुखण्यातही ती लिहीत होती. 'नायदर स्टोअरहाउस नॉर बार्न' आणि 'ऑल इन अ मंथ' त्याच वर्षीच्या, आणि आणखी दोन पुस्तकं ती गेल्यावर आली. त्यांतलं एक म्हणजे ते पहिलंवहिलं 'इनिसोएर', नवं नाव घेऊन.

आत्याने कबरीवर रस्त्याकडेची जांभळी रानफुलं ठेवली आणि हात जोडले. वारा भरपूर होता. समुद्र लांबवर चमकत होता.

इथल्याच परिसरात एका शेतात पाचव्या-सहाव्या शतकातला एक कोरीव दगड उभा आहे, लॅटिन अक्षरांत 'इथे ओर्डोव्हिस जमातीचा कोर्बालेंगी पडला आहे' असं सांगणारा. आम्ही तो लांबूनच पाहिला.

दुपारी ब्लाइनानेर्ख. कार्डिगनच्या रस्त्यावरचं हे साधं चॅपल पाहायला जगभरचे लोक येतात. १९०४ च्या सप्टेंबरात एव्हन रॉबर्ट्स नावाचा, पूर्वी खाणीत काम केलेला सव्वीस वर्षांचा तरुण धर्मोपदेशक होण्याच्या तयारीसाठी न्यूकासल एमलिनच्या शाळेत आला होता. २९ सप्टेंबरला सकाळी या चॅपलमधल्या सभेत तो गुडघ्यांवर कोसळला आणि 'मला वाकव' अशी याचना करत घामाने भिजून गेला. महिन्याभरात तो आपल्या गावी परतला, आणि मग जे सुरू झालं त्याने सगळं वेल्स हललं. रात्र-रात्र चालणाऱ्या प्रार्थना, आपणहून उठून गाणाऱ्या बायका, ओस पडलेल्या दारूच्या गुत्त्यांच्या बातम्या. एक लाख माणसं नव्याने धर्माकडे वळली असा अंदाज सांगितला जातो.

ॲलन रेन तेव्हा इथून काही मैलांवर, ट्रेसाइथला. डॅनियल रोलंडची पणती. पुन्हा तसाच पूर आला होता, दीडशे वर्षांनी. १९०६ च्या 'क्वीन ऑफ द रशेस'मध्ये तिने तो ताजाताजा पकडला. सुरुवातीलाच बोट बुडते. गिल्डासचा बाप आणि ग्वेनिफरची आई बुडतात, आणि लहानग्या ग्वेनिफरची वाचा जाते. पुढे गिल्डास शेतकरी होतो, नॅन्स नावाच्या देखण्या मुलीशी लग्न करतो. मुकी ग्वेनिफर त्यांच्याच शेतावर राबते, त्याच्यावर जीव लावून, एक शब्द न बोलता. जागृतीची लाट येते आणि नॅन्स त्यात वाहून जाते: सभा, रडणं, आनंदाची झिंग, आणि त्याच झिंगेत दुसऱ्या पुरुषाची ओढ. लेखिका जागृतीची थट्टा करत नाही. खऱ्या श्रद्धेची माणसं तिने आदराने रंगवलीत. पण समूहाच्या उन्मादात एखादं कच्चं मन कसं तुटतं, हे तिने इतक्या जवळून लिहिलंय की वाचताना मला सारखा वरच्या मजल्यावरचा बेनन दिसत होता. तिने तसं कुठे म्हटलेलं नाही. हे माझं वाचन.

चॅपलबाहेर उभी राहून मी आत्याला विचारलं, "केडगाव किती वेळा पाहिलंस?" दौंडहून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतंच. पंडिता रमाबाईंचं मुक्ति सदन तिला लहानपणापासून माहीत होतं. त्याचा या जागेशी संबंध आहे हे मात्र माहीत नव्हतं. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आधी खासी टेकड्यांत पोचल्या, कारण तिथे १८४१ पासून वेल्श मिशनरी होते. केडगावलाही त्या पोचल्या. रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये तशाच जागृतीसाठी रोजच्या प्रार्थना सुरू केल्या. शेकडो स्त्रिया आणि मुली त्यांत बसत. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, बालविधवा. जूनच्या अखेरीला तिथेही तीच लाट उसळली: रडणं, पापांची कबुली, रात्रभर प्रार्थना.

आत्या बराच वेळ चॅपलच्या दाराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे या बाईने इथे जे लिहिलं, ते त्याच सुमाराला आमच्या केडगावातही घडत होतं. तिथल्या त्या पोरींवर अशी कादंबरी कुणी लिहिली का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही हा प्रश्न मनातून जात नाही.

सोमवार

दिवसभर पाऊस. सकाळी द्रेफाख फेलिंद्रेचं लोकरीचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. टायवीच्या उपनद्यांवर चालणाऱ्या गिरण्यांत इथे खाणकामगारांच्या फ्लॅनेलच्या शर्टांचं कापड विणलं जाई. यंत्रं चालू करून दाखवतात. आत्याला चरखे आवडले.

दुपारी उघडीप झाली तेव्हा लान्ग्रानोगला गेलो, कारण या किनाऱ्यावर ॲलन रेन एकटी नव्हती. ॲनपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेली सारा जेन रीस, टोपणनाव क्रानोग्वेन, ही इथली. कप्तानाची मुलगी, स्वतः जहाजावर काम केलेली, नौकाशास्त्र शिकवणारी. १८६५ च्या आइस्टेथवोडमध्ये तिने त्या काळच्या मातब्बर पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस मिळवलं, आणि पुढे स्त्रियांसाठीच्या 'फ्रिथोनेस' या मासिकाची संपादक झाली. २०२३ मध्ये तिचा पुतळा गावात उभा राहिला. वेल्श भाषेत लिहिणारी म्हणून क्रानोग्वेन वेल्श वाचकांची राहिली. इंग्रजीत लिहिणारी ॲलन रेन लंडनच्या बाजाराची ठरली, आणि बाजार बदलला तशी तिला जागा राहिली नाही.

त्यात १९१५ साली इथून जवळच्याच रिडलुइस गावच्या कॅराडॉक एव्हन्सचा 'माय पीपल' हा कथासंग्रह आला. त्याच चॅपलची, त्याच शेतांची माणसं त्याने लोभी, क्रूर, ढोंगी दाखवली. वेल्समध्ये संतापाची लाट उठली, पण पुढच्या समीक्षकांना वेल्सचं इंग्रजी साहित्य इथूनच सुरू झालेलं दिसलं. त्याच वर्षी 'अ वेल्श सिंगर'चा मूकपट पडद्यावर आला, फ्लॉरेन्स टर्नरसारखी नामवंत नटी घेऊन. एव्हन्स मोठा लेखक आहे, यात शंका नाही. पण कठोर लिहिणारा तेवढा खरा आणि मायेने लिहिणारी खोटी, हा हिशोब मला पटत नाही. शिडं शिवणाऱ्यांच्या बोटांना पडलेले घट्टे तिने पाहिले होते, आणि त्याच बोटांनी धरलेला प्रेयसीचा हातही.

मंगळवार

शेवटचा मुक्काम ॲबरिस्टविथ. वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय इथे टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून उभं आहे. त्याची स्थापना १९०७ ची, ॲलन रेनच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीची. वाचकपत्र करून आम्ही वाचन-दालनात बसलो आणि तिच्या जुन्या आवृत्त्या मागवल्या. आत्याने प्रत्येक पुस्तक आधी बांधणी पाहण्यासाठी उलटं केलं, मग उघडलं. कागद पिवळा, कडा मऊ झालेल्या. खूप हातांतून गेलेल्या पुस्तकाला अशीच कडा येते, हे तिने मला दाखवून दिलं.

ग्रंथालयाने वेल्सची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, त्यामुळे तो काळ घरबसल्या चाळता येतो. तिच्या काही कादंबऱ्याही मोफत डिजिटल रूपात मिळतात. छापील हवी असेल तर होन्नो हे वेल्समधल्या स्त्रियांच्या लेखनाचं प्रकाशन आहे. त्यांनी १९९८ मध्ये 'क्वीन ऑफ द रशेस' प्रस्तावनेसह पुन्हा काढली.

कुणाला वाचायला सुरुवात करायची असेल तर माझं सांगणं: आधी 'क्वीन ऑफ द रशेस'. मग 'बाय बेर्वेन बँक्स', कारण त्यातली वाल्माय ही एकट्याने गुपित वाहणारी मुलगी विसरता येत नाही. 'टॉर्न सेल्स' त्यानंतर. 'हार्ट्स ऑफ वेल्स' सगळ्यांत शेवटी ठेवा. चिलखतं आणि लढायांत शिरल्यावर तिची नजर शेतावर असते तेवढी धारदार राहत नाही, पण न्यूकासल एमलिनचे बुरूज पाहिले असतील तर ती वेगळीच लागते. आत्याने होन्नोची प्रत गावातच विकत घेतली आणि गाडीत बसल्या बसल्या वाचायला सुरुवात केली. कार्डिगनच्या अलीकडे तिने मान वर केली आणि विचारलं, "ही ग्वेनिफर पुढे बोलते का गं?" मी सांगितलं नाही.